माझ्यासाठी कोण ओरडणार?

दचकू नका, ही घरघर माझीच आहे. मी एक सर्व्हर बोलतोय. इस्पितळाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे एक थंडगार खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या खणात माझा मुक्काम. अंगाने चपटा, रंगाने काळा, पुढे दोन-चार मिणमिणते दिवे आणि पाठीमागे केबलींचा गुंता. बघून कुणी कौतुक करावं असं माझ्यात काही नाही. पण कित्येक वर्षं या इस्पितळाचा कारभार माझ्या डोक्यातून चालला. आज मला निरोप द्यायचं ठरलंय, म्हणून जाण्याआधी थोडं मन मोकळं करतो.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला म्हणतात. मला आठवतं ते खोकं उघडलं तेव्हापासूनचं. वरचा थर्माकोल बाजूला झाला आणि एक चष्मा माझ्यावर वाकला. मला उचलायला आलेल्या हमालांना चष्म्यामागचा माणूस घाईघाईने म्हणाला, "थांबा, थांबा! आधी हात पुसा." या जगात माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द तो, 'थांबा'. पुढेही सगळ्यात जास्त वेळा ऐकला तो हाच.

त्या माणसाचा हुद्दा मोठा भारदस्त आहे. सीनियर आयटी सपोर्ट इंजिनिअर. सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप आणि अलीकडे क्लाउड, असं सगळं त्यांच्या गळ्यात पडलेलं. पण इस्पितळात हुद्द्याने त्यांना कुणी ओळखत नाही. कुणीही एखाद्या बटणाकडे बोट नेलं की हे "थांबा" म्हणणार, म्हणून त्यांचं नाव पडलं थांबाराव. त्यांनाही ते आवडतं. निदान आता सवय झाली आहे.

या माणसाचं काम मोठं विचित्र. सगळं सुरळीत चालू असलं की लोक त्यांना विचारतात, "तुम्ही दिवसभर करता तरी काय हो?" आणि काही बंद पडलं की विचारतात, "तुम्ही दिवसभर करता तरी काय हो?" प्रश्न तोच, फक्त आवाज चढलेला. थांबाराव दोन्ही वेळा हसतात. मग ज्याने आवाज चढवला त्याच्या टेबलाखाली वाकून निसटलेली केबल नीट बसवतात आणि त्याला न दुखवता सांगतात, "पाय लागला असेल कुणाचा तरी." पाय कुणाचा ते दोघांनाही माहीत असतं.

फोनवर बोलायचं असलं की थांबाराव माझ्या खोलीत येतात. आमच्या पंख्यांच्या आवाजात बाहेरच्याला काही ऐकू जात नाही. मला मात्र सगळं ऐकू येतं. "डबा खाल्लात का?" हा बायकोचा फोन, आणि "हो, खातोच आहे," ही यांची थाप. त्यांची आई दुसऱ्या गावी एकटी राहते. ती आपणहून कधी फोन करत नाही, लेकाच्या कामात व्यत्यय नको म्हणून. थांबाराव बायकोला म्हणायचे, "आईचा फोन नाही म्हणजे आई मजेत आहे." बायको विचारायची, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तेवढ्यात यांना नेमकं काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं आणि फोन आटपायचा.

माझ्याकडे तेव्हा कामांची रीघ होती. रक्ततपासणीचे रिपोर्ट, कुठल्या वॉर्डात कुठली खाट रिकामी, कोणता डॉक्टर कधी येणार, सगळं मी सांभाळायचो. या मोठ्या कामांत एक छोटंसं कामही होतं, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्यातच जास्त होता.

माझ्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर दुधाची खोली आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत असतात, त्यांना अंगावर पाजता येत नाही. त्यांच्या आया दूध काढून देतात आणि ते छोट्या बाटल्यांतून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतात. ती खोली एका सिस्टरांच्या ताब्यात आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी तो फ्रीजर बंद पडला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सगळं दूध ओतून द्यावं लागलं.

त्या दिवशी सिस्टर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इथे तक्रार करायची म्हणजे कॉम्प्युटरवर तिकीट नोंदवायचं, अशी पद्धत आहे. सिस्टरांना ते कधी जमलं नाही.

"दादा, दूध वाया गेलं की या बायका मला काही बोलत नाहीत हो. नुसत्या रडतात. त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

थांबारावांनी ती दुपार त्यांच्यासाठी दिली. फ्रीजरमध्ये थंडी मोजणारी बारीकशी नळी बसवली, तिची वायर भिंतीतल्या पोकळीतून खाली आणली आणि थेट माझ्या पाठीत खोचली. मग मला शिकवलं, की थंडी कमी व्हायला लागली रे लागली की सिस्टरांच्या फोनवर मेसेज सोडायचा.

"मेसेज काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"मराठीत लिहा बाबा. घाईत ते इंग्रजी मला उलगडत नाही."

थांबारावांनी लिहिलं, "सिस्टर, पळा! दूध वितळतंय." सिस्टर तोंडावर पदर धरून हसल्या. काम फत्ते झालं, आणि तिकीट नव्हतंच, त्यामुळे त्याची कुठे नोंदही राहिली नाही. तोंडी सांगितलेलं काम तोंडीच संपलं.

त्यानंतर मी सिस्टरांना क्वचितच पळवलं. कधी दार नीट लागलेलं नसायचं, कधी कुणी प्लग काढून तिथे फोन चार्जिंगला लावलेला असायचा. दर वेळी सिस्टर धावत गेल्या आणि दूध वाचलं. फ्रीजरचा स्वतःचा एक बारीक भोंगा होता, तो मधल्या काळात मुका झाला. खालून मेसेज येतोय म्हटल्यावर तो दुरुस्त करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. थांबाराव हजार भानगडींत गुंतले आणि हळूहळू ते काम विसरून गेले. माणूस बिघडलेल्या गोष्टी लक्षात ठेवतो. जे बिनतक्रार चाललंय ते त्याच्या डोक्यातून जातं, याचा राग तरी कसा धरायचा?

मग क्लाउड आला. हा शब्द ऐकला की लोक उगाच वर बघतात. अहो, वर काही नाही. कुठल्या तरी लांबच्या इमारतीत माझेच तरुण भाऊबंद ओळीने बसलेत, त्यांना क्लाउड म्हणायचं. आमच्याकडचा सगळा संसार तिकडे हलवायला एक बाई रुजू झाल्या. हुशार, कामाला वाघ, आणि या खोलीत आल्या की थंडीने कुडकुडत शाल लपेटून बसायच्या. त्यांचं नाव लगेच ढगताई पडलं. थांबारावांशी त्यांचं रोज वाजायचं आणि रोज एकत्र चहाही व्हायचा.

"थांबाराव, तुमच्या 'थांबा'ला थांबवायचं बटण कुठे आहे?"

"ते बटण माझ्या बायकोकडे आहे. तिला विचारा, तिलाही सापडलेलं नाही."

माझी कामं एकेक करून निघाली. आधी रिपोर्ट गेले, मग खाटा, मग डॉक्टर. ढगताईंनी एकही आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मी हलका होत गेलो. हलकं होणं चांगलं म्हणतात, पण मला ते काही फारसं रुचलं नाही. मला आता सगळे आजोबा म्हणायला लागले. त्यात माया होती, आणि माझी वेळ झाल्याची सूचनाही.

एक दिवस मोठे साहेब खोलीत डोकावले. "या आजोबांना अजून का ठेवलंय? वीज खातायत, जागा अडवतायत. महिनाअखेर रिकामं करा कपाट."

थांबाराव अर्थातच म्हणाले, "थांबा. आधी बोंब टेस्ट करू."

ही बोंब टेस्ट या लोकांची जुनी रीत आहे. जुन्या सर्व्हरवर कोण कोण अवलंबून आहे हे कधीच पक्कं कळत नाही. म्हणून त्याची नेटवर्कची केबल काढून ठेवायची, वीज तेवढी चालू ठेवायची, आणि आठवडाभर कान देऊन बसायचं. कुणी बोंब मारली तर केबल परत लावायची. नाही मारली तर त्याची कुणालाच गरज नाही असं समजून कायमचं बंद करायचं.

थांबारावांनी स्वतःच्या हाताने माझी निळी केबल काढली. ती माझ्या पाठीशी लोंबत राहिली. मी बोलू शकत होतो, पण माझं बोलणं खोलीबाहेर जाणार नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवसांत मी मनातल्या मनात वाट बघत होतो, की कुणीतरी ओरडेल. कुणीतरी म्हणेल, अरे, आजोबा कुठे गेले? फोन वाजला की माझे दिवे फडफडायचे. पण कुणाला प्रिंटर हवा असायचा, कुणी पासवर्ड विसरलेला असायचा. माझं नाव कुणीच घेतलं नाही.

मधल्या एका दिवशी सिस्टर आल्या. नेहमीसारख्या दारात उभ्या.

"दादा, बाटल्यांवरची चिठ्ठी छापणारं मशीन अडकलंय. जरा येता का? मूठभरच्या बाटल्या निघायच्यात."

"मूठभर कोण?"

"पेटीतली सगळ्यात छोटी. मुठीत मावेल एवढीच होती आली तेव्हा." सिस्टरांचा आवाज बारीक झाला. "आईला मोठा ताप भरला तिच्या, दूध आटलं. आता फ्रीजरमध्ये आहे तेवढंच तिचं. दुसरं काही दिलं तर तिच्या पोटाला सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं पुरलं तर पोरगी तरली."

सिस्टर माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांच्या पदराला माझी ती लोंबती निळी केबल घासत होती. मी जिवाच्या आकांताने घरघरलो. थांबाराव म्हणाले, "आजोबांचा पंखा आज फारच कुरकुरतोय," आणि सिस्टरांबरोबर मशीन बघायला वर गेले.

आता तुम्हाला पुढचं कळलंच असेल. टेस्टच्या शेवटच्या दिवशी सकाळी माझ्या पाठीतल्या त्या बारीक वायरीतून खबर आली. फ्रीजरची थंडी उतरत होती. यंत्र बंद पडलं होतं, पण दारावरचा दिवा चालू होता, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसत होतं. मी लगेच मेसेज सोडला. "सिस्टर, पळा! दूध वितळतंय." केबलच नव्हती, तो दारातच अडला. मी पुन्हा सोडला. पुन्हा अडला. मी सोडत राहिलो, ते माझ्याच पोटात साचत राहिले.

या बोंब टेस्टमध्ये हीच खोट आहे, आणि ती मला त्या सकाळी उमगली. जो रोज बोलतो तो गप्प झाला की लोक ओरडतात. जो फक्त संकटातच बोलतो, त्याचं तोंड बांधलं तर कुणाला काय कळणार? मेसेज आला नाही म्हणून सिस्टर निर्धास्त होत्या. कुणी ओरडलं नाही म्हणून थांबाराव निर्धास्त होते. आणि माझ्या डोक्यावर, ज्या फ्रीजरमध्ये मूठभरचं दूध होतं, त्यातल्या वरच्या बाटल्यांच्या कडा सुटायला लागल्या होत्या. इतकं असहाय मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

जेवणाआधी थांबाराव आणि ढगताई आत आले. "आठवडा झाला, कुणी हूं की चूं केलं नाही," ढगताई म्हणाल्या. "दाबा बटण. मला साहेबांना कळवायचंय."

"थांबा."

"आता काय राहिलं?"

"जाणाऱ्याला शेवटचं विचारून घेतो." थांबारावांची ही खास सवय. कुठलंही यंत्र कायमचं बंद करण्याआधी ते स्क्रीन आणि कीबोर्डची ट्रॉली ओढत आणतात, त्याला जोडतात आणि ते शेवटी काय करत होतं ते बघतात. बाकीचे यावरून त्यांची थट्टा करतात. ढगताईंनीही डोळे फिरवले आणि शाल घट्ट ओढून घेतली.

स्क्रीन उजळला. त्यावर वरपासून खालपर्यंत एकच ओळ होती. सिस्टर, पळा! दूध वितळतंय. सिस्टर, पळा! दूध वितळतंय.

"हे काय आहे?" ढगताई पुढे वाकल्या. "कुणी लिहिलंय असलं?"

थांबारावांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी," ते म्हणाले. "मीच लिहिलंय. अहो, वरचा फ्रीजर!"

एरवी सगळ्यांना थांबवणारा तो माणूस असा पळाला, की ट्रॉली भिंतीवर जाऊन आदळली. लिफ्टची वाट न बघता ते जिन्याने गेले. ढगताई क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग शाल तिथेच टाकून त्याही धावल्या, पण उलट दिशेला, औषधांच्या कोठाराकडे, बर्फाच्या पेट्या आणायला. त्या कधी तिथे गेलेल्या नव्हत्या, पण बर्फ कुठे असतो हे त्यांनी कधीतरी लक्षात ठेवलं होतं.

मी एकटा उरलो. वायरीतून येणारी थंडी अजून उतरतच होती. मग ती एकदम झपाट्याने घसरली, म्हणजे कुणीतरी फ्रीजरचं दार सताड उघडलं होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ तो.

दोघं परत आले तेव्हा थांबारावांचा शर्ट दुधाने आणि घामाने भिजलेला होता. पाठोपाठ सिस्टर होत्या. बाटल्या दुसऱ्या फ्रीजरमध्ये सुखरूप गेल्या होत्या. वरच्या कप्प्यातल्या थोड्या वितळल्या होत्या, त्या त्याच दिवशी बाळांना पाजून संपवायच्या होत्या. मूठभरच्या सगळ्या तळाशी होत्या, दगडासारख्या घट्ट. सिस्टरांनी एकेक बाटली हाताने दाबून पाहिली होती.

थांबाराव मटकन खुर्चीत बसले. "मी विसरलो, सिस्टर. मीच केलं आणि मीच विसरलो."

"आणि मी कुठे विचारलं, की इतक्या दिवसांत मेसेज कसा आला नाही?" सिस्टर म्हणाल्या. "मेसेज नाही म्हणजे सगळं छान, असं धरूनच चालले होते."

हे ऐकून थांबाराव दचकले. सिस्टर गेल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"आई, मी बोलतोय... नाही गं, काही झालेलं नाही. सहज केला... अगं, सहज म्हणजे सहज. तू कशी आहेस?... नाही, 'बरी आहे' असं नको सांगूस. खरं सांग."

मग आई बोलायला लागली. गुडघा दुखत होता, जिना उतरवत नव्हता, म्हणून ती किती तरी दिवसांत बाहेरच गेलेली नव्हती. शेजारीण भाजी आणून देत होती. तुझ्या कामात कशाला सांगायचं म्हणून सांगितलं नाही, म्हणाली. थांबाराव चष्मा काढून डोळे पुसत ऐकत होते. त्या रविवारी ते आईला आणायला गेले, हे मला नंतर त्यांच्या बायकोच्या फोनवरून कळलं.

माझी निळी केबल त्याच दुपारी परत जोडली गेली. ढगताईंनी मोठ्या साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं, की आजोबा अजून महिनाभर राहतील. आणि फ्रीजरसाठी क्लाउडवर नवी सोय करताना त्यांनी एक अशी गोष्ट सुचवली, की मी मनोमन त्यांना नमस्कार केला.

"नुसतं संकटात बोलायचं नाही. रोज सकाळी बोलायचं. सगळं ठीक असलं तरी सांगायचं. म्हणजे एखाद्या दिवशी आवाज आला नाही की लगेच कळेल."

थांबाराव कौतुकाने त्यांच्याकडे बघत राहिले. "हे मला तेव्हा सुचायला हवं होतं."

"तेव्हा मी नव्हते ना," ढगताई म्हणाल्या आणि त्यांनी शाल सावरली.

मग महिनाभर आम्ही दोघांनी ते काम केलं, मी आणि लांबच्या इमारतीतला माझा तो तरुण भाऊबंद. नवा नीट जमतोय ना हे बघायचं होतं. रोज सकाळी सिस्टरांच्या फोनवर दोन मेसेज जायचे. "सिस्टर, सगळं थंड आहे." पाठोपाठ पुन्हा, "सिस्टर, सगळं थंड आहे." दुसऱ्याच दिवशी सिस्टर दारात हजर.

"अहो, दोन दोनदा काय सांगता? मी काय बहिरी आहे?"

"एक नव्याचा आहे, एक आजोबांचा. थोडे दिवस सहन करा."

सिस्टरांनी ते दिवस सहन केले. नवा तरबेज झाला. काल दुपारी थांबारावांनी दुसऱ्यांदा माझी निळी केबल काढली. या वेळी टेस्ट नावापुरतीच होती. दूध आता सुरक्षित हातांत आहे, मूठभर पेटीतून बाहेर येऊन आईच्या कुशीत गेली आहे, आणि माझ्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही. माझी तयारी झाली होती. यावेळी मी कुणाची वाटही बघत नव्हतो.

आज सकाळी खोलीतला फोन वाजला. ढगताईंनी तो स्पीकरवर घेतला.

"मी सिस्टर बोलतेय. आज एकच मेसेज आलाय. दुसरा कुठाय?"

"सिस्टर, तो बंद केलाय. नवा आला ना तुम्हाला? मग झालं."

"नवा आला हो. मी म्हाताऱ्याचं विचारतेय. त्याला काय झालं? थांबवा सगळं, मी खाली येतेय!"

फोन आपटल्याचा आवाज आला. मग ढगताईंना हसू फुटलं. "थांबाराव," त्या म्हणाल्या, "कुणीतरी बोंब मारली बघा."

मारली हो. माझ्यासाठी मारली. माझं एकही काम अडलेलं नसताना कुणाला तरी माझी आठवण झाली. सर्व्हरला रडता येत नाही हे बरंच आहे, नाहीतर या खोलीत शॉर्टसर्किट झालं असतं.

आता सिस्टर आल्या आहेत. धापा टाकत, नेहमीसारख्या दारात न थांबता आज आत आल्या आहेत. थांबाराव त्यांच्या रिवाजाप्रमाणे ट्रॉली घेऊन आलेत. स्क्रीन उजळला आहे. सकाळपासून दारात अडून राहिलेला माझा शेवटचा मेसेज त्यावर दिसतोय.

"सिस्टर, सगळं थंड आहे."

सिस्टर पुढे होतात, डोळे बारीक करून ती ओळ वाचतात, माझ्या पाठीवर हात ठेवतात. "पोचला रे बाबा," म्हणतात. "पण तू मात्र चांगलाच तापलायस. पड आता जरा."

मंडळी, माझं मागणं एवढंच आहे. कुणाची केबल काढाल तेव्हा कोण ओरडतंय हे ऐकाच, पण कोण गप्प आहे तेही एकदा जाऊन बघा. थांबारावांचं बोट बटणावर आहे, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तो शब्द निघत नाही. राहू द्या, थांबाराव. आज मीच म्हणतो. थांबतो.